अत्तम्मांच्या केसांचं औषधपाणी

मिर्यालगुडा,
गुरुवार दुपार (नागरत्नम झोपली आहे, असं मी धरून चाललो आहे)

तीर्थस्वरूप ईश्वरम्मा वदिनागारूंच्या चरणी, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा भिक्षपती याचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, कंबर धरली आहे. पण मनाने जमिनीपर्यंत वाकलो आहे, हे लक्षात घ्यावं.) तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या घरच्या बावागारूंचा दमा उन्हाळ्यात जरा दम खातो असं गेल्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात, ते तसंच असेल अशी आशा करतो. तुमच्या तांबड्या म्हशीच्या आचळाला मी सांगितलेला लेप लावलात का? लावला नसेल तर आता राहू द्या. माझ्या हातच्या औषधांवरचा माझाच विश्वास सध्या उडालेला आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्रात हे वाक्य लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

पत्र लिहायला खरं म्हणजे काहीच निमित्त नाही, सहज आठवण झाली. फोन का नाही केला असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरात कुठूनही फोन केला तरी तो स्वयंपाकघरात ऐकू जातो, आणि गच्चीवर जाऊन करावा तर गच्चीवर जाणं मी सोडलं आहे. (का सोडलं ते पुढे येईल. घाई करू नका, मला ते लिहायचा धीर गोळा करायचा आहे.) एवढं मात्र करा, हे पत्र वाचून झालं की चुलीत घाला. बावागारूंच्या हाताला लागू देऊ नका. माणूस देवासारखा आहे, पण पोटात काही राहत नाही. वदिना, तुम्ही अजिबात घाबरू नका. घाबरायचं काम मी एकटा पुरेसं करतो आहे.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या स्रवंतीचं लग्न महिन्यावर आलंय. पोरगी हैदराबादेला नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात केस खांद्यापर्यंत कापून आली. तेव्हा नागरत्नमने दोन दिवस अन्न घेतलं नाही, मी चोरून घेतलं. आता नवरीच्या पाठीवर फुलांची पूलजड तर शिवली पाहिजे. मोगरा, कनकांबरं, मधे जरीची फुलं, सगळं कमरेच्या खाली पोचलं पाहिजे. खांद्यापर्यंतच्या केसांवर ती शिवली तर फुलं मानेलाच संपतील. मग ही म्हणाली की तुम्हा दोघींच्या आईच्या, अत्तम्मांच्या, केसांचं गंगावन लावायचं. त्या गंगावनाची कथा मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्या डोळ्यांदेखत घडली आहे. अत्तम्मा रोज विंचरून झालं की गुंतवळ बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचायच्या. केसांवर स्टीलची भांडी देणारी बाई दारात आली की तिला ताक पाजायच्या, पण एक केस द्यायच्या नाहीत. जन्मभराच्या त्या गुंतवळाची त्यांनी दोन गंगावनं करून घेतली, एक तुम्हाला आणि एक हिला. अत्तम्मांचा धड एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. मतदार ओळखपत्रावरचा आहे, त्यात त्या माझ्याकडेच बघून रागावल्यासारख्या दिसतात. हिच्या दृष्टीने आई म्हणजे आता ट्रंकेतली तेवढी वेणी. लग्नाला आई नाही पण आईचे केस नातीच्या पाठीवर असतील, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि डोळ्याला पदर लावते. ते ऐकलं की मी उठून बाहेर जातो. याचं कारण मी ते केस मारले आहेत.

आता शांतपणे वाचा. हिने मला सांगितलं होतं की ट्रंकेतून काढून घडीभर सावलीत ठेवा. एवढंच. हे वाक्य मी आता झोपेतसुद्धा म्हणतो. पण मी आयुष्यभर जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, वदिना. धुतल्याशिवाय कुठली वस्तू वापरायची नाही ही माझी खोड. ही बांगड्यांच्या दुकानात गेली होती. मी विचार केला, ती येईपर्यंत स्वच्छ धुऊन ठेवतो, खूश होईल. गरम पाणी घेतलं, कपड्यांची पावडर घेतली, लग्नाचं काम म्हणून मूठभर सोडाही टाकला. जे काळं पाणी निघालं ते बघून मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पावडर टाकली. मग सावलीत कधी वाळणार, म्हणून गच्चीवर दोरीला टांगलं. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, त्यात मिरच्यासुद्धा दया मागतात. टांगून मी खाली येऊन जरा आडवा झालो.

जाग आली ती शेजारच्या सोमलक्ष्मीच्या ओरडण्याने. बाहेर जाऊन बघतो तर तिच्या अंगणात अर्धी गल्ली जमलेली, आणि तुळशीच्या बुडाशी काळं, लांब, वेटोळं घातलेलं काहीतरी पडलेलं. कोणी म्हणालं, कुणाच्या तरी केसांची वेणी आहे, भानामती केली आहे, बाईच्या केसांत मंत्र भरून टाकलंय. मी मागच्या मागे निघणार एवढ्यात त्या वेटोळ्याच्या टोकाला लाल दोरा दिसला. अत्तम्मांनी बांधलेला. वाऱ्याने उडून ते तिकडे पडलं होतं. मग मात्र माझी जी अवस्था झाली तिच्यापुढे भानामती बरी. सोमलक्ष्मीने हळद टाकली होती, कडुनिंब आणला होता, तिचा नवरा रॉकेल शोधत होता. माझं आहे म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत नागरत्नमच्या कानावर जाणार की आईचे केस गल्लीच्या पायाशी लोळत होते. गप्प राहावं, तर माझी सासू माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा जळणार. आणि तेवढ्यात कुणीतरी पलीकडच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं नाव घेतलं. तिचेच उद्योग असणार म्हणे. दोन पोरगे तिच्या दाराकडे निघालेसुद्धा.

तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं. मी म्हणालो, "थांबा. हात लावू नका. हे त्या म्हातारीचं नाही, कुठलं आहे ते मला कळलंय. मी याचा बंदोबस्त करतो. डावखुऱ्या माणसाने कालव्यात सोडावं लागतं." (मी डावखुरा आहे हे त्या दिवशी प्रथमच कामाला आलं.) गर्दी दोन पावलं मागे सरली. मी डोळे मिटून जे तोंडाला आलं ते पुटपुटलो. ते सगळं लाळ्या-खुरकत रोगाच्या लसीचं वेळापत्रक होतं, पण कोणाला कळलं नाही. गंगावन पिशवीत घातलं, कालव्याच्या दिशेने निघालो आणि मागच्या गल्लीने घरात आलो. म्हातारी वाचली, केस वाचले. पण तेव्हापासून गल्लीत मी चालू लागलो की बायका मुलांना आत घेतात. एकीने मात्र उलट केलं, रात्री दचकणारं पोर माझ्यापुढे आणून धरलं आणि म्हणाली, "ताता, एकदा फुंकर मारा." मारली. आजोबा म्हटल्यावर काय करणार. म्हणून मी गच्चीवर जात नाही. मी तिथे दिसलो की चार खिडक्या उघडतात.

घरी येऊन पिशवी उघडली. काय सांगू वदिना, केस राहिलेच नव्हते. नुसता काथ्या. कंगवा घातला तर करकर वाजत होता, आणि हाताला टोचत होतं. नागरत्नम बांगड्यांची पेटी घेऊन दारात आली, तेव्हा मी ते जुन्या टॉवेलात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं होतं. तिने विचारलं, "सावलीत ठेवलंत ना?" मी म्हणालो, "हो तर." माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिने मला पाणी आणून दिलं.

त्यानंतर मी केसांची औषधं शोधायला बाहेर पडलो. आधी माझ्या ओळखीचं म्हणजे लिक्विड पॅराफिन लावून पाहिलं. म्हशीचं पोट साफ व्हायला देतात ते. काथ्या तेलकट झाला, एवढंच. मग एका म्हातारबुवांच्या सांगण्यावरून पिकलेलं केळं कुस्करून लावलं. ते केळं केसांत जे शिरलं ते निघायलाच तयार नाही. स्वतःच्या सासूच्या केसांतले केळ्याचे कण चिमट्याने वेचण्याची वेळ जगात किती जावयांवर आली असेल? आणि मग मुंग्या लागल्या. शेवटी बस स्टँडसमोरच्या फॅन्सी स्टोअरात गेलो. आत सगळ्या बायका, आणि भिंतभर बाटल्या. काउंटरवरच्या बाईचे केस पट्टीने आखल्यासारखे सरळ. मी आधी रुमाल मागितला, मग टाचण्या मागितल्या, मग धीर करून म्हणालो की केस बिघडलेत, काहीतरी द्या. तिने माझ्या टकलाकडे बघितलं. मी म्हणालो, घरच्या एका वडीलधाऱ्या बाईचे.

ती विचारू लागली आणि मी ठरवलं होतं की खोटं म्हणून बोलायचं नाही, आधीच फार झालंय.

"कोरडे आहेत का तेलकट?"

"कोरडे. अगदी वाळलेले."

"टोकं फुटलीत?"

"दोन्हीकडून."

"गळतात का?"

"सगळे गळलेलेच आहेत, अम्मा."

तिने हातातली बाटली खाली ठेवली. वय विचारलं. मी हिशोब करून म्हणालो, नव्वदीच्या आत-बाहेर. खाणंपिणं कसं आहे? बंद आहे, म्हणालो. झोप? झोप शांत आहे. बाईचा चेहरा पडला. ती हळू आवाजात म्हणाली, "ताता, मग आता हे सगळं कशाला? त्यांना त्रास नका देऊ." मी म्हणालो, महिन्यावर लग्न आलंय, त्यात ते लागणार आहेत. यावर शेजारच्या दोन गिऱ्हाईक बायका माझ्यापासून सरकल्या. पण ती बाई मनाची चांगली. तिने शाम्पू दिला, कंडिशनर दिला, मास्क नावाचा लोण्यासारखा डबा दिला, सीरमची कुपी दिली, आणि वर देवाचं नाव घ्यायला सांगितलं.

आता या वस्तूंचं तंत्र ऐका, तुम्हालाही ठाऊक असावं. कंडिशनर म्हणजे शाम्पू धुतला की लावायचं, आणि लावलं की धुवायचं. मी बाईंना विचारलं होतं, जे धुवायचंच आहे ते लावायचं कशाला? त्या म्हणाल्या, विश्वास ठेवा. बाटलीवर लिहिलंय की मुळं सोडून टोकांना लावा. मी चष्मा लावून मुळं शोधली. गुंतवळाचं गंगावन, वदिना. त्यात एक केस सुलटा तर शेजारचा उलटा. जिकडे बघावं तिकडे मुळं आणि जिकडे बघावं तिकडे टोकं. मास्कवर लिहिलंय की डोक्याला हलक्या हाताने मसाज करा. डोकं कुठून आणू? शेवटी न्हाणीघरात कडी लावून मी ते स्वतःच्या डोक्याला मफलरने बांधलं आणि आरशासमोर उभा राहून मसाज सुरू केला. आरशात बघितलं. ओळखपत्रावरच्या अत्तम्मा हुबेहूब. तोच राग. मी हात जोडून माफी मागत होतो, तेवढ्यात बाहेरून दार वाजलं.

नागरत्नम म्हणाली, "अहो, किती वेळ? डोक्यावर चार केस नाहीत, आंघोळीला घागरी किती लागतात तुम्हाला?" मी म्हणालो, येतो. ती म्हणाली, "आणि सफरचंदाचा वास कसला येतोय आतून?" मी म्हणालो, साबण नवीन आहे. ती थोडा वेळ दाराशीच थांबली. मला तिची सावली दाराखालून दिसत होती. मी मफलरासकट खाली बसून राहिलो आणि सासूच्या केसांतून माझ्या डोळ्यांत मास्क उतरत होता.

याहून वाईट पुढे झालं. एके सकाळी तिने माझ्या शर्टाच्या खांद्यावरून एक लांबलचक काळा केस उचलला. उजेडात धरला. तिचे केस पिकलेले, पोरीचे कापलेले. तिने माझ्याकडे बघितलं, केसाकडे बघितलं आणि खिडकीतून बाहेर सोडून दिला. हा तुझ्या आईचा आहे, असं सांगून सुटायची सोय नव्हती. आता ती माझे शर्ट धुण्याआधी झटकून बघते. या वयात माझ्यावर असा संशय यावा, याचं वाईट वाटतं, आणि खोटं कशाला बोलू, जरासं बरंही वाटतं. पण भीती सगळ्यात जास्त वाटते. ती भांडेल याची नाही, भांडण मी आयुष्यभर खाल्लंय, ते पचतं. ट्रंक उघडल्यावर तिचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं नाही.

असो. सांगायचा मुद्दा हा की काळजी करण्यासारखं काहीही नाही. औषध लागू पडलं आहे. तीनदा मास्क झाला, सीरम झालं, आता हाताला मऊ लागतं, अगदी रेशमासारखं. मुंग्या गेल्या. पूर्वीपेक्षा थोडं आखूड झालंय आणि कंगवा जवळ नेला की आपोआप उभं राहतं, पण त्यावर फुलं शिवली की बसेल. तुम्हाला मनातलं सांगून मोकळा झालो. बावागारूंना नमस्कार. तुमच्या आंब्याच्या लोणच्याची वाट बघतो आहे.

तुमचा आज्ञाधारक,
भिक्षपती

ता. क.: सहज एक सुचलं. लग्नाला येताना तुमचं गंगावन घेऊन याल का? लोणच्याच्या बरणीच्या खोक्यात तळाशी ठेवलंत तर कोणाला कळायचं नाही. आपण अदलाबदल करून टाकू. दोन्ही अत्तम्मांचीच, म्हणजे फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही. लाल दोरा मी याचा काढून त्याला बांधीन. नाही म्हणू नका, मी तुमच्या पाया पडतो. पत्रभर हेच मागायचं होतं, धीर होत नव्हता.

दुसरी ता. क.: वरचं लिहून पाकीट शोधायला उठलो, तर नागरत्नम झोपलेली नव्हती. ट्रंकेपाशी बसली होती, गंगावन मांडीवर. मी दाराला धरून उभा राहिलो. तिने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती मऊ झालंय हो." वदिना, मला वाटलं, सुटलो. मग तिने ते नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. दुसऱ्या टोकाने हुंगून पाहिलं. अत्तम्मा घरी उकळून काढलेलं एरंडेल लावायच्या, आठवतं ना? त्यांच्या उशीला, पदराला, दिलेल्या नोटेलासुद्धा तो वास असायचा. मी जावई असून त्यांच्यापासून लांब बसायचो. ती तो वास शोधत होती, आणि त्यात होतं नुसतं सफरचंद. तिने गंगावनाची घडी घातली, परत ठेवलं आणि चहा टाकायला उठून गेली. मला भयंकर वाईट वाटतंय. तुमचं गंगावन आणाल तेव्हा धुऊ नका, एवढीच विनंती. त्याला पाणीसुद्धा लावू नका.

तिसरी ता. क.: आत्ता चहा देताना ती म्हणाली, "अक्काला लिहिताय ना?" (कसं कळलं ते मी विचारलं नाही.) "मग लिहा, की तिचं गंगावन आणू नकोस, ते तिच्या लेकीला लागेल. आहे हेच लावू आपण. फक्त आठ दिवस आधी ये म्हणावं. ती अजून अम्माच्याच कढईतलं एरंडेल लावते. डोकं चोपडून ये म्हणावं, आणि यायच्या आधी न्हाऊ नकोस." लग्नघरात नवरीची थोरली मावशी न न्हाता आली तर व्याही काय म्हणतील, असं मी विचारणार होतो. ती कप घेऊन माझ्याकडे पाठ करून उभी होती. तेव्हा वदिना, तशाच या. बसमध्ये शेजारची बाई उठून गेली तर जाऊ द्या, ऐसपैस बसा.